प्रस्तावना : निसर्गचित्रातील भाव आणि प्रतीक

चित्रासमोर उभा राहिलेला आपल्याकडील प्रेक्षक प्रथम जो प्रश्न विचारतो तो बहुधा 'हा प्रसंग कोणता?' असा असतो. आणि त्यात नवल काहीच नाही, कारण १८९४ साली राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाल्यापासून शकुंतला, दमयंती, मोहिनी, मेनका या घरोघरच्या भिंतींवर येऊन बसल्या आणि चित्र म्हणजे पुराणातील किंवा काव्यातील एखादा परिचित क्षण, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या पक्की होत गेली. पण ज्या चित्रात प्रसंग नाही, पात्र नाही, असलेच तर दूरच्या वाटेने जाणारे एखादे बोटभर उंचीचे माणूस आहे, आणि बाकी सारे आकाश, पाणी, झाडे व जमीन एवढेच आहे, त्या चित्रापाशी आल्यावर याच प्रेक्षकाचा प्रश्न 'हे ठिकाण कोणते?' असा होतो, आणि चौकटीखालच्या पट्टीवर ठिकाणाचे नाव सापडले की त्याचे पाहणे संपते. प्रस्तुत पुस्तकाचा उद्योग नेमका तेथून पुढे सुरू होतो. ठिकाण कळले, आता त्या ठिकाणाचे चित्रकाराने काय केले, का केले, आणि त्याने जे केले त्याने आपल्या चित्तवृत्तीत पालट कसा घडविला, याचा शोध घ्यावयाचा आहे.

या शोधात दोन भिन्न गोष्टींशी गाठ पडते, आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळे निसर्गचित्राविषयीचे पुष्कळसे लेखन निरुपयोगी झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली गोष्ट भाव. क्षितिजरेषा उंच धरली आहे की खाली दाबली आहे, प्रकाश कोणत्या अंगाने येतो, अंधाराच्या मानाने उजेडाचा वाटा किती, रंग ओला आहे की कोरडा, दृष्टीला आत शिरण्यास वाट ठेविली आहे की पुढ्यातच आडवी फांदी घालून ती अडविली आहे, या सर्वांच्या योगाने विचार जागा होण्यापूर्वीच मनावर जो परिणाम होतो तो भाव होय. दुसरी गोष्ट प्रतीक. इंद्रधनुष्य, वठलेले झाड, पडके देऊळ, मावळता सूर्य यांना एखाद्या समाजाने, धर्माने किंवा काव्यपरंपरेने दिलेला अर्थ म्हणजे प्रतीक. आणि तो अर्थ ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ती झाडे झाडेच राहतात. भाव डोळ्यांनी ग्रहण केला जातो, प्रतीक ज्ञानाने उलगडावे लागते. यांपैकी कोणते आधी आणि कोणते कितपत विश्वसनीय, हा या विषयातील मुख्य वाद आहे. आणि तो एका चित्राभोवती जितका स्वच्छपणे झडला आहे तितका अन्यत्र क्वचितच झडला असेल, म्हणून त्या चित्रापाशी थोडे थांबणे अवश्य आहे.

ते चित्र म्हणजे याकोब व्हान रॉइस्डाल या डच चित्रकाराचे 'यहुद्यांची दफनभूमी'. हार्लेम येथे १६२८ किंवा १६२९ साली जन्मलेला आणि १६८२ साली निवर्तलेला हा चित्रकार सतराव्या शतकातील हॉलंडचा सर्वश्रेष्ठ निसर्गचित्रकार मानला जातो. हा विषय त्याने दोनदा रंगविला. एक चित्र जर्मनीत ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहात असून सुमारे तीन फूट रुंदीचे आहे, दुसरे त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचे असून ते अमेरिकेतील डिट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. आकाश झाकोळून आलेले आहे. मागे एक भग्न वास्तू उभी आहे, तिच्या भिंतींतून झुडपे उगवली आहेत. पुढे एक ओढा खडकांवरून फेसाळत खाली येतो. त्याच्या काठी एक वठलेले, पर्णहीन झाड आपल्या पांढुरक्या फांद्या पसरून उभे आहे. ढगांत इंद्रधनुष्याची कमान उमटली आहे. आणि या साऱ्या काळोख्या पसाऱ्याच्या मध्यभागी, ढगांच्या फटीतून आलेला उजेड काही थडग्यांवर, आणि त्यांतही विशेषेकरून एका पांढऱ्या थडग्यावर, पडला आहे.

आता ठिकाणाची चौकशी करावी. ही थडगी खरी आहेत. ॲम्स्टरडॅमजवळ ॲम्स्टेल नदीच्या काठी औडरकेर्क म्हणून गाव आहे. तेथे पोर्तुगालच्या मुलखातून छळ चुकवून आलेल्या यहुद्यांनी १६१४ साली आपल्या दफनभूमीसाठी जमीन विकत घेतली, आणि ती दफनभूमी आजही तेथे आहे. रॉइस्डालने तेथे जाऊन थडग्यांची रेखाटने केली. ती हार्लेमच्या टायलर संग्रहालयात जतन केलेली आहेत. ज्या पांढऱ्या थडग्यावर उजेड पडला आहे ते फ्रान्सच्या राणीचा, मारी द मेदिचीचा, वैद्य एलियाहू मोंताल्तो याचे होय. हा वैद्य १६१६ साली फ्रान्समध्ये वारला आणि त्याचा देह तेथून औडरकेर्कला आणून पुरण्यात आला. इतका तपशील चित्रकाराने प्रामाणिकपणे उतरवून घेतला आहे. पण थडग्यांच्या पलीकडे एक पाऊल टाकले की प्रामाणिकपणाचा हा दाखला निरुपयोगी ठरतो. औडरकेर्कचा प्रदेश सपाट आहे. तेथे खडक नाहीत आणि खडकांवरून उतरणारा ओढा नाही. भग्न वास्तूही तेथे नव्हती. समुद्रकिनाऱ्याजवळच्या एग्मंड येथील पडक्या इमारतींवरून चित्रकाराने ती घेतली, आणि त्यातही विशेष असे की दोन चित्रांत थडगी तीच असूनही मागची वास्तू मात्र वेगवेगळी आहे. शिवाय ही दफनभूमी प्राचीन नव्हती. चित्र रंगविले गेले तेव्हा तिला उणीपुरी चाळीस वर्षे झाली असतील, तेथे नव्याने दफने होत होती, आणि तिची निगा राखणारा समाज जिवंत व संपन्न होता.

हा फेरफार हाच माझ्या मते अर्थ लावणाऱ्याच्या हाती असलेला सर्वांत भक्कम पुरावा होय. चित्रकाराचा हेतू काय होता हे त्याच्या चरित्रावरून ताडणे धोक्याचे, आणि आपल्या मनात काय आले ते त्याच्यावर लादणे त्याहून धोक्याचे. परंतु जे ठिकाण त्याने पाहिले आणि जे त्याने रंगविले त्या दोहोंमधील अंतर ही त्याची स्वतःची जबानी आहे, आणि ती खोटी असू शकत नाही. रॉइस्डालने सपाट जमिनीवर खडक आणले, संथ नदीच्या जागी धावता ओढा आणला, नव्या दफनभूमीला शतकांचे जुनेपण दिले आणि जिवंत झाड टाकून मेलेले उभे केले. त्याअर्थी त्याला ते स्थळ दाखवावयाचे नव्हते, काळ दाखवावयाचा होता, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

हे प्रथम ज्याने मोकळ्या मनाने सांगितले तो जर्मन महाकवी गटे होय. १८१६ साली त्याने रॉइस्डालच्या ड्रेस्डेन येथील तीन चित्रांवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या मथळ्यातच चित्रकाराला कवी म्हटले. दफनभूमीच्या चित्रातील थडग्यांविषयी तो जे म्हणतो त्याचा आशय असा की, मृतांच्या स्मरणासाठी उभारलेली ही थडगी स्वतःच जीर्ण होऊन आता आपलीच थडगी झाली आहेत. आणि म्हणून हे चित्र गेलेल्या माणसांविषयी न राहता गतकाळाच्याही गतत्वाविषयीचे झाले आहे. चित्राचा असा अर्थ लावण्याला शुद्ध विचार आणि शुद्ध दृष्टी यांचा संयोग लागतो. गटे एकेक वस्तू घेऊन तिच्यापुढे तिचा अर्थ लिहीत नाही; उजेड कोठे थांबला, नजर कोणत्या क्रमाने आत जाते, हे पाहून तो बोलतो.

याच्या उलट बाजू इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने मांडली, आणि ती अशा माणसाने मांडली की जो रॉइस्डालचा परम भक्त होता. रॉइस्डालच्या एका हिवाळ्याच्या चित्राची तंतोतंत नक्कल त्याने १८३२ साली स्वतःच्या हाताने केली होती. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये निसर्गचित्राच्या इतिहासावर व्याख्याने देताना त्याने याच चित्राचा उल्लेख करून म्हटले की, येथे रॉइस्डाल फसला. कारण पडक्या वास्तूने वार्धक्य सुचवावे, ओढ्याने आयुष्याची गती सुचवावी, खडकांनी त्यातील संकटे सुचवावी, हे सारे त्याने योजले खरे, परंतु पाहणाऱ्याला ते कळावे कसे? जे कलेच्या आवाक्याबाहेरचे आहे ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे, असा त्याच्या आक्षेपाचा मथितार्थ आहे. आक्षेप सोपा दिसतो, पण अर्थ लावण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने तो रोज एकदा आठवावा इतका तो महत्त्वाचा आहे. जे प्रतीक सूचीपत्र वाचल्यावाचून प्रत्ययास येत नाही ते चित्राचे नव्हे, सूचीपत्राचे होय.

तथापि कॉन्स्टेबलचे स्वतःचे वर्तन पाहावे. १८२१ आणि १८२२ साली हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून त्याने आकाशाची असंख्य अभ्यासचित्रे केली आणि पुष्कळांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा अशी नोंद एखाद्या दप्तरदाराच्या काटेकोरपणाने करून ठेविली. पण त्याच काळात आपला मित्र जॉन फिशर यास लिहिलेल्या पत्रात तो आकाशाला निसर्गचित्रातील भावनेचे मुख्य साधन म्हणतो. म्हणजे वाऱ्याची दिशा तो नोंदवीत होता ती भावाच्या शोधातच. पुढे १८२८ च्या नोव्हेंबरात त्याची पत्नी मरिया क्षयाने वारली, आणि १८२९ साली त्याने प्रदर्शनात मांडले ते चित्र 'हॅडली कॅसल' : नदीच्या मुखाशी एक भग्न गढी, फाटलेले आकाश, ढगांतून उतरणारे किरण, आणि त्या विराट उघडेपणात एकटा गुराखी. या गढीचे रेखाटन त्याने १८१४ साली, विवाहापूर्वी, एका लहानशा वहीत केले होते; पंधरा वर्षे ते तसेच पडून होते. १८३१ साली त्याने मांडलेल्या सॉल्झबरीच्या मोठ्या चित्रात काळ्या आकाशावर इंद्रधनुष्य आहे, आणि त्याचे टोक ज्या घरावर उतरते ते घर त्या विधुरावस्थेत त्याला धीर देणाऱ्या फिशरचे आहे. ज्याने रॉइस्डालच्या या चित्राला हरकत घेतली त्याच्याच दोन थोर चित्रांत पडकी वास्तू आणि इंद्रधनुष्य आहे. यात मला विसंगती दिसत नाही. हॅडलीच्या गढीचा अर्थ कळण्यास मरियाचे नावसुद्धा ठाऊक असावे लागत नाही. ती थंडी, तो वारा आणि तो एकाकीपणा रंगाच्या खरखरीत लेपातूनच अंगावर येतो, आणि मरियाची हकीकत मागाहून कळली तर ती आधी झालेल्या प्रत्ययाला केवळ दुजोरा देते. प्रतीक असावे, पण ते भावाच्या मागून यावे, असाच कॉन्स्टेबलच्या आचरणाचा निष्कर्ष निघतो. रॉइस्डालच्या चित्रालाही हीच कसोटी लावली तर मला ते वठलेले झाड त्यातील सर्वांत दुबळा भाग वाटते, कारण ते आपला अर्थ ओरडून सांगते. आणि थडग्यावर क्षणभर पडलेला तो उजेड सर्वांत थोर वाटतो, कारण ढग सरकताच तो नाहीसा होणार हे कोणी सांगितल्यावाचून कळते.

मराठी वाचकाला या वादात परके वाटण्याचे कारण नाही. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांचा जो विवेक नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त केला, तो काव्यासाठी असला तरी येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. गटे ज्याला कवित्व म्हणतो ती व्यंजनाच, म्हणजे न सांगता सुचविण्याची शक्तीच होय. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात ऋतू कसे दाखवावेत याचे नियम आहेत : ग्रीष्म दाखवावयाचा तर थकलेले वाटसरू, सावलीत शिरलेली हरणे आणि चिखलात लोळणाऱ्या म्हशी, वर्षाकाल दाखवावयाचा तर पाण्याने ओथंबलेले मेघ, वीज आणि गुहेत आश्रय घेतलेले सिंह-वाघ. यात नुसती हवा दाखविण्याचा उपदेश नाही. हवेने जीवमात्राची जी अवस्था होते ती दाखविण्याचा आहे. परंतु आपल्या साहित्यशास्त्राने चंद्र, उपवन, मेघ यांना उद्दीपन विभावाच्या पदावर बसविले. म्हणजे भाव मूळचा नायिकेचा, निसर्गाने तो चेतवावयाचा. म्हणून दख्खनच्या आणि राजस्थानच्या रागमालाचित्रांत मेघ कितीही सुंदर असला तरी खाली बहुधा नायिका उभी असते आणि तो मेघ तिचा असतो. रॉइस्डालच्या चित्रात नायिका नाही. उद्दीपन आहे आणि आलंबन, म्हणजे भाव ज्याच्या आधाराने उभा राहतो ते पात्र, नाही, अशी ही स्थिती आपल्या शास्त्राने क्वचितच कल्पिली असेल. आणि माझी अशी धारणा आहे की शुद्ध निसर्गचित्राचे सामर्थ्य नेमके त्या मोकळ्या ठेविलेल्या जागेत आहे, कारण तेथे पाहणाऱ्यालाच जाऊन उभे राहावे लागते.

पण तेथे उभे राहताना तो आपला मुलूख बरोबर घेऊन जातो, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्येष्ठाच्या तलखीत आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या देशातील माणसाला काळा ढग म्हणजे आश्वासन. उत्तर समुद्राच्या काठी राहणाऱ्याला तोच ढग म्हणजे बुडणारी गलबते आणि कुजणारे पीक. रॉइस्डालच्या आकाशाने आपल्यापैकी एखाद्याचे मन उल्हसित झाले तर तो दोष त्याच्या संवेदनेचा नव्हे; मात्र तो उल्हास चित्राचा अर्थ म्हणून सांगणे हा दोष होईल. कावळ्याचेही तसेच. व्हान गॉगने १८९० च्या जुलैत ओव्हेर येथे रंगविलेल्या गव्हाच्या शेतावरील कावळे पाहिले की दशक्रियेचा पिंड आणि काकस्पर्श ज्याच्या मनात आहे त्या मराठी माणसाला ते पितरांचे दूत वाटतात; आणि युरोपातही या चित्राला चित्रकाराचे शेवटचे चित्र ठरवून त्यात त्याच्या आत्मघाताची पूर्वसूचना वाचण्याचा प्रघात पडला. वस्तुतः या चित्रानंतरही त्याने चित्रे रंगविली. आणि अस्वस्थ आकाशाखालच्या विस्तीर्ण शेतांच्या आपल्या चित्रांविषयी त्या महिन्यातील पत्रात तो स्वतः जे लिहितो त्यात दुःख व पराकाष्ठेचा एकाकीपणा यांचा उल्लेख आहे तसाच खेड्यातील निरोगी, बळ देणाऱ्या वातावरणाचाही आहे. पत्राचा अर्धा भाग घेऊन अर्धा टाकणे हे अर्थ लावणे नव्हे.

कित्येकदा फेरफार भर घालून न होता काढून टाकून होतो, आणि तो ओळखणे अधिक कठीण असते. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिखच्या, १८१० साली बर्लिनमध्ये प्रदर्शित झालेल्या 'समुद्राकाठचा साधू' या चित्रात वाळूची एक फिकट पट्टी, काळ्या पाण्याची एक रेघ आणि त्यांच्यावर जवळजवळ सारे चित्र व्यापून राहिलेले आकाश एवढेच आहे. अवरक्त किरणांनी तपासणी केली तेव्हा त्याने समुद्रावर प्रथम जहाजे रेखाटली होती आणि मागाहून पुसून टाकली होती, असे आढळून आले. जहाज राहिले असते तर नजरेला जाण्यासाठी ठिकाण आणि मनाला आशेसाठी आधार मिळाला असता. दोन वर्षे आधी त्याच चित्रकाराने वेदीसाठी रंगविलेल्या पर्वतावरील क्रूसाचा अर्थ त्याला स्वतः लिहून द्यावा लागला होता : खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित वृक्ष म्हणजे आशा. त्या खुलाशाची गरज साधूच्या चित्राला उरली नाही, आणि त्या दोन वर्षांत फ्रीड्रिख किती पुढे गेला याचे माप तेच आहे.

प्रत्येक लक्षणीय वस्तू प्रतीकच असते अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. कोल्हापूरच्या रंकाळ्यातील संध्यामठ पाण्यात अर्धा बुडालेला कोणी रंगविला, तर परक्या टीकाकाराला त्यात वैभवाची क्षणभंगुरता दिसेल. कोल्हापूरकराला इतकेच दिसेल की पाऊस चांगला झाला आहे आणि तळे भरले आहे. येथे चित्रकाराने काही बदललेले नाही, ऋतूने बदलले आहे. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने राहिलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या परिसरात जी निसर्गचित्रे केली त्यांच्याकडे याच सावधगिरीने पाहावे लागते. त्यांच्यातील भाव प्रकाशात आणि ओलाव्यात आहे, वस्तूंच्या गूढार्थात तो शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. १९३१ साली दिवंगत झालेल्या या चित्रकाराच्या कामाची, त्याने काय पाहिले आणि काय रंगविले हे ताडून पाहणारी मोजणी व्हावयास हवी. ती ठिकाणे अद्याप पायी फिरून पाहता येण्याजोगी आहेत, परंतु तळ्यांचे काठ झपाट्याने बदलत आहेत.

पुढील प्रकरणांत जी चित्रे घेतली आहेत त्यांचे छापील ठसे मूळ चित्रांच्या मानाने लहान आहेत, आणि छपाईत सर्वांत आधी बळी जातो तो अंधारातील रंगांचा. म्हणून ज्यांना मूळ चित्र पाहण्याची संधी मिळेल त्यांनी ती दवडू नये, आणि ज्यांना मिळणार नाही त्यांनी निदान ठसा चांगल्या उजेडात, एका वेळी एकच, असा पाहावा. वाचकाला माझी एकच विनंती आहे : प्रत्येक प्रकरणाचा मजकूर वाचण्यापूर्वी त्याच्या समोरच्या पानावरील चित्र, त्याचे नाव हाताने झाकून, काही वेळ पाहावे, मनात काय आले ते चार ओळींत कागदावर टिपून ठेवावे, आणि मगच माझे विवेचन वाचून जेथे ते त्या टिपणाशी जुळणार नाही तेथे पुन्हा चित्राकडेच निवाड्यासाठी जावे.